भुकेवाचून

स्थूल माणसाच्या बाबतीत समाजाने निकाल फार पूर्वीच देऊन ठेवलेला असतो, आणि त्या निकालावर अपील चालत नाही. ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, ज्याच्या गुडघ्याची वाटी झिजली, ज्याच्या मूत्रपिंडात खडा झाला, त्याच्याविषयी हळहळ व्यक्त करताना कोणी त्याच्या शीलाची चौकशी करीत नाही. परंतु ज्याच्या देहावर मेद साठला तो आळशी असला पाहिजे, खादाड असला पाहिजे, त्याच्या ठायी मनोनिग्रहाचा अभाव असला पाहिजे, हे अनुमान पाहणाराच्या मनात कोणत्याही पुराव्यावाचून सिद्ध होते. विशीपासून पन्नाशी उलटेपर्यंत मी या अनुमानाच्या छायेत वावरलो. पुढे शस्त्रवैद्याने माझ्या जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढला आणि माझे वजन उतरले, ही घटना माझ्या परिचितांना मोठी वाटते, आणि प्रकृतीच्या दृष्टीने ती मोठी आहेही. तथापि माझ्या मनाला जिने अधिक शिकविले ती गोष्ट वेगळी आहे. त्या शस्त्रक्रियेनंतरचा बराच काळ मी भुकेवाचून काढला, आणि भूक काय असते, ती कोठून येते, आणि तिच्या नावावर आपण आणखी काय काय खपवीत असतो, हे मला त्या काळात कळू लागले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय अष्टौनिंदितीय या नावाचा आहे. लोकांनी निंद्य ठरविलेल्या आठ प्रकारच्या शरीरांची त्यात गणना केलेली आहे: अतिदीर्घ आणि अतिह्रस्व, अतिलोम आणि अलोम, अतिकृष्ण आणि अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश. या आठांपैकी अखेरच्या दोहोंकडे ग्रंथकार वैद्याच्या दृष्टीने वळतो आणि स्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन, दिवसाची झोप, व्यायामाचा अभाव यांच्या जोडीला बीजस्वभावही घालतो. पुढे तो म्हणतो, की मेदाने मार्ग रोधले गेल्यामुळे वायू कोष्ठातच संचार करतो, अग्नीला चेतवितो, घेतलेले अन्न त्वरेने जिरवितो, आणि म्हणून स्थूल मनुष्याला आहाराची इच्छा पुन्हा पुन्हा होते. वायू आणि अग्नी यांच्या परिभाषेचा आधुनिक शरीरविज्ञानाशी मेळ घालण्याचा आग्रह मी धरणार नाही. तसले मेळ बहुधा ओढूनताणून बसवलेले असतात. परंतु त्या प्रतिपादनातील कार्यकारणाची दिशा पाहण्याजोगी आहे. माणूस पुष्कळ खातो म्हणून स्थूल होतो एवढे सांगून तो आचार्य थांबला नाही. स्थूल झालेल्या देहाची भूकच निराळी असते, हे त्याने पाहिले आणि लिहून ठेवले. आमच्या आळीतल्या, कचेरीतल्या आणि नातलगांतल्या शहाण्या माणसांना हे कधीच दिसले नाही.

माझी सारी नोकरी सरकारी खजिन्यात झाली. जमा, खर्च आणि शिल्लक यांचा ताळा दिवसाच्या अखेरीस पैपर्यंत जुळलाच पाहिजे, ही तेथील शिस्त. तेव्हा आहाराचा तक्ता हाती देऊन डॉक्टरांनी जेव्हा समजावले, की उष्मांकांची जमा घटवा, खर्च वाढवा, शिल्लक आपोआप उतरेल, तेव्हा हा मनुष्य आपल्याच भाषेत बोलतो आहे असे मला वाटले, आणि त्या तक्त्याची अंमलबजावणी मी कसोशीने केली. वजन उतरले, काही महिन्यांनी, तक्त्यात काडीचाही फरक न करता, उतरावयाचे थांबले, आणि पुढे जवळजवळ तेवढ्याच अन्नावर चढू लागले. असे अनेकदा झाले. या कीर्दीचा कारकून जो देह, तोच खर्चाची कलमे आपल्या मर्जीने बदलीत असतो, जमा घटली की खर्चाला कात्री लावतो, हातपाय गार पाडतो, चालणे मंद करतो, आणि त्याच वेळी भुकेचा तगादा दुप्पट करतो, ही गोष्ट मात्र त्या तक्त्यात कोठेही नमूद नव्हती.

नमूद नसली तरी ती ज्ञात होती. दुसरे महायुद्ध संपत आले असता अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून युद्धाला नकार दिलेले आणि शस्त्र धरण्याऐवजी अन्य सेवा पत्करलेले हे तरुण होते. युरोपातील उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कळावे, एवढ्यासाठी त्यांनी २४ आठवडे अर्धपोटी राहण्याचे स्वेच्छेने पत्करले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, आणि निश्चल पडून असतानाही देहाला लागणारी ऊर्जा त्याहूनही अधिक प्रमाणात घटली. १९५० साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाच्या वृत्तांतात जे मनाला चटका लावते ते त्या तरुणांच्या वागण्याचे वर्णन. ते अहोरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके वाचू आणि जमवू लागले. ताटातला घास पुरवून पुरवून खाऊ लागले. आणि प्रयोग संपून पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना आपले पोट भरले असे वाटेना. तुरुंगवासाचीही तमा न बाळगता आपल्या विवेकाशी प्रामाणिक राहणाऱ्या पंथांतून आलेल्या तरुणांची ही अवस्था झाली. माझ्या प्रत्येक पथ्याच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझे जे होत असे, ते सारे त्या वृत्तांतात तपशीलवार लिहिलेले होते.

याच कीज यांनी १९७२ साली वजन आणि उंची यांच्या एका जुन्या गुणोत्तराला आजचे रूढ नाव दिले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा हा अंक मूळचा केत्ले नावाच्या एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन गणितज्ञाचा. आज तो प्रत्येक दवाखान्यातील कागदावर असतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी ४० ही मर्यादा ठरविली, मधुमेहासारखी व्याधी जोडीला असल्यास ३५. आशियातील लोकांसाठी मात्र ती पुढे खाली आणावी लागली. ती का आणावी लागली, हे समजून घेण्यास पुण्याबाहेर जाण्याचे कारण नाही. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे आणि जॉन यडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले: दोघांचाही अंक २२.३, परंतु यडकिनांच्या देहात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. पुण्याच्या परिसरातील खेड्यांत जन्मणारी अर्भके इंग्लंडमधील अर्भकांहून वजनाने पुष्कळ हलकी असतात, आणि तरीही त्यांच्या कृश देहात मेदाचा अंश त्या मानाने राखलेला आढळतो, हेही त्यांच्याच अभ्यासातून पुढे आले. ज्या जीवाने आईच्या उदराबाहेर येऊन अद्याप दुधाचा थेंबही चाखलेला नाही, त्याच्या मनोनिग्रहाविषयी आपण काय बोलणार आहोत?

माझा अंक या सर्व मर्यादांच्या पुष्कळ वर होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावे लागे, आणि त्याहून भयंकर म्हणजे झोपेत श्वास अडत असे. मला त्याचे ज्ञान नसे. ज्ञान असे ते पत्नीला. घोरणे एकाएकी थांबले की ती जागी होई, काळोखात माझ्या छातीवर हात ठेवून पुढल्या श्वासाची वाट पाही, आणि तो आला की पुन्हा पडे. वर्षानुवर्षे तिने अशी झोप घेतली आणि दिवसा त्याविषयी चकार शब्द काढला नाही. हे मला तिच्याकडून नव्हे, माझ्या बहिणीकडून कळले, आणि ज्या दिवशी कळले त्याच दिवशी शस्त्रक्रियेचा विचार निश्चयात उतरला. विम्याच्या मंजुरीसाठी झालेला पत्रव्यवहार, कागदपत्रांची रुजवात, सुट्टीचे अर्ज इत्यादी गोष्टींत मी येथे शिरत नाही.

जठराचा काही भाग निकामी केला तर वजन उतरते, हे शस्त्रवैद्यांच्या ध्यानात आले ते योगायोगाने. व्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला अशा रुग्णांचे वजन घटते, असे आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी पाहिले, आणि चिकाशी इटो या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९६६ साली अतिस्थूल रुग्णांसाठी निराळी शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यात जठराचा लहानसा भाग वेगळा करून आतड्याशी जोडीत. माझ्यावर झाली ती स्लीव्ह या नावाची, वयाने पुष्कळ तरुण. ती आरंभी एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून करीत. पहिल्याच टप्प्याने वजन पुरेसे उतरते आणि पुष्कळांना दुसऱ्याची गरजच पडत नाही, असे दिसून आल्यावर ती स्वतंत्रपणे होऊ लागली. जठराचा बाहेरच्या वळणाकडील सारा फुगवटा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. पिशवी लहान झाली म्हणून माणूस कमी खातो, अशी याविषयी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती खोटी नाही, अपुरी आहे. काढून टाकलेल्या भागातच घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे तयार होते. रिकाम्या पोटाचा निरोप मेंदूला पोहोचविणारे हे द्रव्य कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधून काढले. पुढे २००२ मध्ये अमेरिकेत असे मोजून दाखविण्यात आले, की आहार घटवून ज्यांनी वजन उतरविले त्यांच्या रक्तात घ्रेलिन वाढते, आणि जठराची जोडशस्त्रक्रिया झालेल्यांच्या रक्तात ते अगदीच अल्प राहते. म्हणजे पथ्याच्या प्रत्येक महिन्यागणिक माझा निग्रह खचत होता असे जे मानले जाई, त्या काळात वस्तुतः माझी भूक वाढत होती. इतक्या वर्षांच्या निंदेवर एवढे एक वाक्य मला पुरेसे आहे.

शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत, वजनात सांगण्यासारखा फरक पडण्यापूर्वीच, रक्तातील साखर उतरली आणि इन्सुलिन बंद झाले. पहिले दिवस नारळाच्या पाण्याचे, गाळलेल्या ताकाचे आणि मुगाच्या वरणावरील निवळीचे गेले. मग दाट पेय, मग कुस्करलेले अन्न, असे करीत माणूस पुन्हा अन्नप्राशनाच्या पायऱ्या चढतो. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत असे आहारतज्ज्ञ बाईंनी बजावले होते. जेवताना पाणी प्यावयाचे नाही, जेवणानंतर अर्धा तास प्यावयाचे नाही, आणि प्रत्येक घास तोंडातच पातळ होईतो चावावयाचा. हे सारे मी केले, परंतु केले ते घड्याळाकडे पाहून. दुपारचे बारा वाजले हे भिंत सांगे, पोट सांगत नसे. शेजारच्या घरातून फोडणीचा वास येई. तो लसणाचा आहे, हिंगाचा आहे, हे नाक ओळखी, आणि त्यापलीकडे देहात काहीही हालत नसे. ज्या गोष्टीशी मी जन्मभर झुंजलो ती एका सकाळी निघून गेली होती, आणि तिच्या जाण्याने झालेला आनंद मला वाटला होता तितका टिकला नाही. दिवस सपाट झाला. सकाळ, दुपार, तिन्हीसांजा यांना जो एक आतून चढउतार असतो तो नाहीसा झाला. आषाढी एकादशी आली तेव्हा, डॉक्टरांनी उपवासाला मनाई केली होती ती बाजूला ठेवली तरी, मला त्या दिवशी सोडण्यासारखे काही उरलेच नव्हते. भूक असते म्हणून उपवासाला अर्थ असतो. माझ्यापाशी देवाला देण्याजोगी भूकच नव्हती, आणि याचे मला खरोखर दुःख झाले.

त्याच काळातील एक संध्याकाळ. खजिन्यात माझ्या शेजारच्या टेबलावर उभी हयात काढलेला एक मित्र गेल्याचा फोन आला. फोन ठेवला, आणि काही वेळाने पाहतो तो मी स्वयंपाकघरात उभा, फळीवरचा डबा उघडलेला, हातात बेसनाचा लाडू. पोटात भूक नव्हती. खाण्याची वासनाही, खरे पाहता, नव्हती. हात मात्र जुन्या वाटेने आपल्या ठिकाणी जाऊन पोहोचला होता. मी तो लाडू परत ठेवला, झाकण लावले, आणि मग मला रडू आले. मार्चअखेरच्या रात्री, वरिष्ठांनी फाइल शेऱ्यासह परत पाठविलेल्या दुपारी, मुलीच्या पाठवणीनंतर रिकाम्या झालेल्या घरात, जे जे रडावयाचे राहून गेले होते ते मी खाऊन टाकले होते, हे भूक मधून दूर झाल्यामुळे मला दिसले. जोवर भूक होती तोवर सारे तिच्याच नावे पडत असे. वजनाच्या शस्त्रक्रियेने दुःखाचे काहीही होत नाही. त्याला बाहेर पडण्यास दुसरी वाट लागते. ज्यांना ती सापडत नाही त्यांच्यापैकी काहीजण मद्याकडे वळतात, आणि बदललेल्या जठरामुळे मद्य रक्तात फार लवकर चढते, म्हणून शस्त्रवैद्य त्याविषयी आधीच ताकीद देतात.

आमचे मूळ गाव माण तालुक्यातले. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा भाग पर्जन्यछायेचा; पाऊस तेथे येतो तो वाट चुकल्यासारखा. आई अद्याप तेथेच राहते. शस्त्रक्रियेनंतर मी प्रथम गेलो तेव्हा तिने माझ्यापुढे चतकोर भाकरी आणि वाटीभर पिठले ठेवले, आणि मी दोन चमच्यांवर थांबलेला पाहून तिचा चेहरा उतरला. "दोन घासांवर माणूस जगतंय व्हय रं?" एवढेच ती म्हणाली. पूर्वीच्या काळी अशा वेळी मी आणखी दोन भाकरी खाऊन तिला प्रसन्न केले असते. आता ते शक्यच नव्हते. परंतु एकेक घास चावण्यास मला जो वेळ लागे त्यामुळे एक निराळीच गोष्ट घडली. ती समोर बसून राहू लागली, आणि पाच मिनिटांत उरकणाऱ्या आमच्या पूर्वीच्या जेवणांत ज्याला कधी सवड मिळाली नव्हती ते बोलू लागली.

१९७२ च्या दुष्काळाविषयी मी तिच्याकडून प्रथमच सविस्तर ऐकले. मी तेव्हा लहान होतो; मला आठवते ती तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. आई खडी फोडण्याच्या कामावर जाई. उन्हात दिवसभर खडी फोडून ती जे आणी त्याचे वाटे करताना तिचा स्वतःचा वाटा कसा राहून जाई, पोटाला पदर घट्ट आवळून बांधला की रात्री थोडी झोप कशी लागे, आणि आम्ही पोरे झोपेत "भाकर" म्हणून पुटपुटलो की तिला काय होई, हे तिने मला एका दुपारी, माझी चतकोर भाकरी संपेपर्यंत, सांगितले. तिच्या आग्रहाचा मला लहानपणापासून जो जाच वाटत आला त्याच्या पाठीशी हे उभे होते. पुढे नोकरी लागून घरात धान्य आले तेव्हा तिने आम्हाला खाऊ घातले ते पन्नास वर्षांपूर्वीचा तो आवळलेला पदर सोडल्यासारखे. आणि आम्ही पुष्ट झालो तेव्हा तिला आपले जन्माचे कार्य सिद्धीस गेल्याचे समाधान वाटले. माझ्या देहाने मेद का साठवला याचे उत्तर त्या दुष्काळात आहे असे मी म्हणणार नाही. तितके सिद्ध करण्याची साधने माझ्यापाशी नाहीत. परंतु एकाच घरात, एकाच पिढीच्या अंतराने, आईला भुकेशी झगडावे लागले ते अन्न नव्हते म्हणून, आणि मुलाला झगडावे लागले ते अन्न होते म्हणून, आणि दोघांनाही त्याची लाज वाटत राहिली. लाज का वाटावी हे मला कळत नाही. तिने तर आजवर ती उपासमार कोणापाशी उच्चारलीही नव्हती.

आता मी गेलो की ती लहान वाटीत वाढते, आणि स्वतःही माझ्याबरोबर सावकाश जेवते.

वजन उतरू लागल्यावर देहाच्या अनेक गोष्टी बदलल्या. काहींची कल्पना कोणी दिलेली नव्हती. पाटावर बसले की हाडे टोचू लागली. पौषातली थंडी अंगात शिरू लागली. काही महिने केस मुठीने गळले आणि पुढे आपोआप थांबले. दंडाची कातडी लोंबू लागली ती तशीच आहे. दरवाजातून जाताना मी पुष्कळ दिवस अंग तिरपे करीत होतो, कारण मनातला देह जुनाच होता. एस.टी.च्या बाकावर शेजारी बसणारा माणूस पूर्वी सुस्कारा टाकून कोपऱ्यात सरके, तो आता गावाचे नाव विचारू लागला. कचेऱ्यांतून, दुकानांतून, सभांतून माझे बोलणे लोक पूर्वीपेक्षा अधिक वेळ ऐकून घेऊ लागले. याचा मला संताप आला, आणि तो अद्याप पूर्णपणे निवळलेला नाही. मी जे पूर्वी बोलत होतो तेच बोलत होतो. कामही तेच, अक्षरही तेच. भेटेल तो "काय निश्चय तुमचा! कमाल केलीत" असे म्हणे. जो निश्चय मी पथ्याच्या त्या साऱ्या वर्षांत केला, रडत केला, उपाशी झोपून केला, त्याची वाहवा कोणी केली नाही. आणि भूक नसताना न खाण्याला निश्चयाची आवश्यकता नव्हती, तेव्हा सर्वांनी हार घातले. म्हणून मी प्रत्येकाला शस्त्रक्रिया झाल्याचे स्पष्ट सांगतो. त्यावर काहीजणांचा चेहरा पडतो, "म्हणजे शॉर्टकटच की," असे कोणी म्हणतात. चष्मा लावणाराला कोणी असे म्हणत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात भूक परत आली. ती येणार हे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि रुग्णालयात भरणाऱ्या रुग्णांच्या मेळाव्यात तिच्याविषयी लोक चोराविषयी बोलावे तसे दबकून बोलत. मी सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढून उतरत होतो. पूर्वी मी त्यांच्या पायथ्याशीच बसून राहत असे. अर्ध्यावर आलो असता बरगड्यांच्या खाली मधोमध एक ओढ जाणवली. काही क्षण ती ओळखू आली नाही. ओळखली तेव्हा पायरीवर बसलो, कारण इतक्या दिवसांनी भेटलेल्या या गोष्टीचे काय करावे ते सुचेना. भीती वाटली नाही असे नाही. परंतु भीतीहून निराळे जे वाटले त्याला आनंद याखेरीज दुसरे नाव देता येत नाही. घरी जाऊन ज्वारीची अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी घेतली. ज्वारीला स्वतःची एक किंचित गोडी असते, ती चौथ्या-पाचव्या चावण्यानंतर उतरते. इतकी वर्षे भाकरी खाऊन मला ती ठाऊक नव्हती. अर्ध्या भाकरीनंतर एक उचकी आली. माझ्या नव्या जठराची भरल्याची खूण हीच आहे, आणि मी हात धुतला.

तेव्हापासून वजन थोडे वाढले आणि तेथे स्थिरावले. बहुतेकांचे असेच होते, काहींचे पुष्कळ वाढते, आणि वाढले म्हणून त्यांना पुन्हा जुनाच निकाल ऐकवला जातो. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व ही आता जन्माची सोबत; ठरलेल्या मुदतीने रक्त तपासावे लागते. छातीत पूर्वी कधी नव्हती ती जळजळ काही रात्री होते, आणि या प्रकारच्या शस्त्रक्रियेत ती पुष्कळांना होते. पत्नी मात्र आता रात्रभर झोपते. तिची ती सलग झोप मी कधी कधी जागा राहून ऐकतो.

माझा भाचा पस्तिशीचा आहे, आमच्याच घराण्याच्या बांध्याचा, आणि साखर त्याच्याही रक्तात दिसू लागली आहे. गेल्या आठवड्यात तो कागदांची पिशवी घेऊन आला. आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची जी नवी औषधे २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली आहेत, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड, ती घ्यावीत की माझ्यासारखी शस्त्रक्रिया करून घ्यावी, हा त्याचा प्रश्न. "मामा, एकदा भूक गेली म्हणजे सुटलोच ना?" असे त्याने विचारले. ती जाते, परत येते, आणि औषध थांबवले तरी परत येते, असे मी त्याला सांगितले. तू कधी खातोस ते महिनाभर लिहून काढ, भूक लागली होती की नव्हती तेही समोर लिही, असेही सांगितले. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबेनाशा झाल्या तर घरगुती उपाय करीत बसावयाचे नाही, तात्काळ रुग्णालय गाठावयाचे, कारण बी-१ जीवनसत्त्व संपले की मज्जातंतूंना इजा होते, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक असले पाहिजे. तो वजनाविषयी बोलताना सारखा मान खाली घालीत होता. मी त्याला वर बघून बोलण्यास सांगितले. त्याच्या कागदांत लोह आणि बी-१२ यांच्या तपासण्या नव्हत्या. त्या करून घे आणि डॉक्टरांकडचा दिवस ठरला की कळव, मी बरोबर येतो, असे सांगून मी त्याला जेवायला बसविले आणि त्याच्या ताटात किती वाढावे हे त्यालाच विचारले.